टीचर, कॉम्प्युटर देऊ की बायो?

नमस्कार श्रोतेहो.

दहावीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी पालक येऊन उभे राहतात. हातात मार्कशीटची झेरॉक्स, मागे गप्प उभं राहिलेलं मूल, आणि प्रश्न ठरलेला: "टीचर, हिला कॉम्प्युटर देऊ की बायो?" मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात 22 वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकवते. माझाच विषय, तेव्हा "घ्या, घ्या" म्हणणं मला सोपं. पूर्वी तसंच म्हणायचे. त्याबद्दलच आज बोलायचं आहे.

आधी एक गैरसमज. "पुढे कॉम्प्युटर इंजिनीअर व्हायचं, म्हणून अकरावीला कॉम्प्युटर हवाच," असं निम्मे पालक धरून चालतात. तशी अट नाही. कुंकळ्ळीची एनआयटी घ्या, किंवा कुठलीही आयआयटी. तिथे पोचायची वाट जेईईतून जाते आणि बी.टेक.साठीच्या त्या परीक्षेत प्रश्न असतात गणिताचे, भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे. कॉम्प्युटर सायन्सचा एकही नाही. शाळेत कधी प्रोग्रॅम न लिहिलेली मुलं पहिल्या वर्षाला तो शिकतात आणि छान शिकतात. गणित कच्चं असेल तर मात्र तिथे दमछाक होते. म्हणून घरात कॉम्प्युटरची चर्चा सुरू झाली की मी आधी गणिताची चौकशी करते.

दुसरी गोष्ट, जी फॉर्म भरताना कोणी बोलत नाही. कॉम्प्युटर घेताना मूल काय सोडतं? बऱ्याच विद्यालयांत विज्ञान शाखेत भौतिक, रसायन आणि गणिताच्या जोडीला जीवशास्त्र किंवा कॉम्प्युटर, असं एकच घेता येतं. जीवशास्त्र गेलं की डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या नीट परीक्षेची वाट अडते, बी.एस्सी. नर्सिंगची अडते, प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राची पदवीही लांब जाते. कॉम्प्युटर मात्र विशीत शिकता येतो, तिशीतही. प्रोग्रॅम लिहायची पायथन भाषा फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते.

हे मला एका मुलामुळे उमगलं. पक्ष्यांचं वेड असलेला मुलगा. रविवारी पहाटे करमळीच्या तळ्यावर जायचा, अडई बदकं किती दिसली, जांभळ्या पाणकोंबड्या किती, सगळं वहीत टिपून आणायचा. त्याला बायो हवं होतं. वडिलांना वाटलं, नोकरी कॉम्प्युटरमध्ये आहे. ते मला विचारायला आले आणि मी म्हटलं, "कॉम्प्युटर चांगला आहे, द्या." मुलाकडे वळून एक शब्द विचारला नाही. दोन वर्षं त्यानं प्रोग्रॅम पाठ केले, मार्कही बरे मिळवले. पण प्रॅक्टिकलच्या तासाला तो खिडकीबाहेर बघत बसायचा, ते मला अजून दिसतं. बारावीनंतर प्राणिशास्त्राला प्रवेश मिळाला नाही. बी.कॉम.ला गेला. त्यात माझा वाटा आहे, आणि त्याची मला खंत आहे.

मग कॉम्प्युटर घ्यायचा कोणी? "दिवसभर मोबाईलवर असतो, त्याला आवड आहे," असं पालक सांगतात. मोबाईल वापरणं वेगळं. या विषयाचा गाभा मी मुलांना पहिल्या आठवड्यात खाजन शेतीतून, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतून सांगते. मांडवीच्या, जुवारीच्या काठच्या बांधावरची मानस, म्हणजे पाणी अडवणारं-सोडणारं लाकडी दार, तुम्ही पाहिली असेल. भरती चढली की नदीचं पाणी मानशीचं दार आत लोटतं, दार मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी त्याच दाराला बाहेर ढकलतं आणि शेतातलं जादा पाणी नदीत निघून जातं. दर वेळी कोणी माणूस जाऊन दार उघडत-मिटत नाही. भरती असेल तर बंद, नाहीतर उघडं. आपल्या पूर्वजांनी लाकडात आणि पाण्यात घालून ठेवलेला हा नियमच आहे. प्रोग्रॅम म्हणजे असे नियम, एकापाठोपाठ एक, नेमक्या शब्दांत.

हे सांगून झालं की मी गप्प राहते. एखादं मूल हमखास विचारतं, "टीचर, दारात ओंडका अडकला तर?" माझा जीव सुखावतो. नियम कुठे मोडेल ते शोधणारं हे डोकं, हा विषय त्याच्यासाठीच आहे. त्याला दहावीला 60 टक्के असोत की 95.

वाळपईकडची एक विद्यार्थिनी आठवते. घरची काजूची बाग. बाबा रोज किती किलो बिया विकतात आणि दर काय लागतो, याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम तिनं आपणहून लिहिला. बेरीज आली लाखांत! मुलं हसली. ती हसली नाही, रडलीही नाही. मधली सुट्टी गेली, डबा तसाच राहिला. एकेक ओळ तपासत शेवटी तिला सापडलं: एका दिवसाचा आकडा साडेसात किलोऐवजी 7500 ग्रॅम असा भरला होता. मग तिनं एक ओळ वाढवली, की आकडा इतका मोठा असेल तर आधी विचार. ती ओळ मी शिकवली नव्हती. तिच्या घरी मात्र "मुलीला कशाला मशीनचं" अशी कुजबुज चालू होती. अशा वेळी मी वाळपईपर्यंत जाऊन पालकांशी बोलते.

आता नवा प्रश्न येतो: प्रोग्रॅम एआयच लिहितं, मग शिकायचं कशाला? मी वर्गात करून दाखवते. लीप वर्ष ओळखणारा एक प्रोग्रॅम फळ्यावर लिहिते: चारनं भाग गेला की लीप. दिसायला अगदी बरोबर. मग विचारते, 1900 चं काय? चारनं भाग जातो, पण ते लीप वर्ष नव्हतं, आणि 2000 होतं. शतकाच्या वर्षाला 400 नं भाग जावा लागतो. लिहिणारा माणूस असो की यंत्र, 1900 ची शंका यायला हवी ती वाचणाऱ्याला, आणि ती येते स्वतः शंभरदा चुकल्यावर.

आणखी एक मनात असलेलं सांगते. 1907 साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. आज लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात. त्यांनी हजारो प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली नाणी एकेक करून तोलली. वापरात राहिलेलं नाणं झिजतं, वजन घटतं, तेव्हा वजनांच्या संख्याशास्त्रावरून नाण्यांचा क्रम लावता येतो. 1944 मध्ये त्यांनी मांडलेलं एक सूत्र जनुकांचे नकाशे करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये आजही वापरतात. गणित, नाणी, जनुकं! विषयांच्या भिंती त्यांनी कधी मानल्या नाहीत, आणि आपण पंधरा वर्षांच्या पोरांना एका फॉर्मवर त्या उभ्या करायला लावतो.

तेव्हा फॉर्म भरायच्या आधी आठ दिवस मुलाला पायथनशी खेळू द्या. रोज अर्धा तास पुरे. घरी कॉम्प्युटर नसेल तर शेजारी विचारा, शाळेत विचारा. प्रोग्रॅम बिघडला की मूल काय करतं तेवढं बघा. उठून जातं, की खुर्ची पुढे ओढतं? आणि जिथे प्रवेश घेणार तिथली लॅब बघायला मागा. किती कॉम्प्युटर सुरू आहेत, एकावर किती मुलं बसतात, हे सरळ विचारा. फळ्यावरचा प्रोग्रॅम वहीत उतरवायचा तास असेल, तर ती दोन वर्षं दुसऱ्या विषयाला दिलेली बरी.

तो पक्ष्यांचा मुलगा गेल्या डिसेंबरात भेटायला आला. बँकेत नोकरी करतो. करमळीच्या दहा वर्षांच्या नोंदी होत्या त्याच्याकडे, वह्यांचा गठ्ठा. म्हणाला, "टीचर, हे सगळं मोजायचंय, पायथन परत शिकवाल?" तीन रविवार आम्ही बसलो. तिसऱ्या रविवारी अडईंचा आलेख पडद्यावर उमटला आणि तो खुर्ची पुढे ओढून बघत राहिला.

नमस्कार.