डिंक म्हणून हिणवलेल्या पेशी आणि मेंदूतलं घड्याळ

नमस्कार श्रोतेहो.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक फुगा असतो, बॉलकॉकचा. टाकी भरली की फुगा वर येतो, पाणी बंद. पाणी वापरलं की फुगा खाली, पाणी सुरू. आपल्या पेशींतलं घड्याळ याच तत्त्वावर चालतं. क्लॉक आणि बीमल-वन नावाची दोन प्रथिनं पर आणि क्राय या जनुकांचा नळ उघडतात. पर आणि क्रायची प्रथिनं साचत जातात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि स्वतःचाच नळ बंद करतात. मग ती झिजून संपतात आणि नळ पुन्हा उघडतो. एका फेरीला लागतात साधारण 24 तास. टाकीतला फुगा लगेच हलतो. इथे साचायलाही तास लागतात आणि झिजायलाही. या उशिरामुळेच त्याचं घड्याळ होतं. उशीर नसता, तर पातळी एका जागी थांबून राहिली असती.

अशी घड्याळं शरीरभर आहेत, पण त्यांना वेळ लावून देणारं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर. त्याचं नाव सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस, आपण एससीएन म्हणू. उंदरात दोन्ही बाजूंच्या मिळून तिथे सुमारे 20,000 चेतापेशी असतात. आणि त्यांच्या अधेमधे असतात आजच्या आपल्या पेशी, ग्लिया.

ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत सरस, डिंक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांनी हे नाव दिलं, कारण त्यांना वाटलं की हा चेतापेशींना चिकटवून ठेवणारा मसाला आहे. नाव चुकलं आणि त्या चुकीची शिक्षा या पेशींनी शंभर-सव्वाशे वर्षं भोगली. नाव ठेवताना शास्त्रज्ञांनी घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. शाळेतल्या मुलाने 'डिंक' हा शब्द एकदा ऐकला की पुढे तो त्या पेशीकडे वळूनही बघत नाही. दुसरी एक कहाणी अशीच पसरली, की मेंदूत एका चेतापेशीमागे दहा ग्लिया असतात. 2009 साली ब्राझीलमध्ये मोजणी झाली, तेव्हा माणसाच्या मेंदूत चेतापेशी निघाल्या सुमारे 86 अब्ज आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून सुमारे 85 अब्ज. म्हणजे जवळजवळ बरोबरी.

या पेशींकडे दुर्लक्ष झालं, त्याला आणखी एक कारण आहे. चेतापेशी विजेचे ठोके देतात, आणि बारीक तार टोचली की ते ऐकू येतात. ग्लिया तसे ठोके देत नाहीत. त्यांचं काम कॅल्शियमच्या लाटांत आणि आसपास सोडलेल्या रसायनांत चालतं. तारेला जे ऐकू आलं, तेवढंच मोजलं गेलं.

1990 साली मायकेल मेनेकर, मार्टिन राल्फ आणि सहकाऱ्यांनी हॅमस्टरच्या मेंदूतलं घड्याळ काढून तिथे दुसऱ्या हॅमस्टरचं बसवलं. देणाऱ्याचा दिवस 20 तासांचा असेल, तर घेणाराही 20 तासांच्या तालावर चालू लागला. घड्याळ एससीएनमध्येच आहे हे त्यातून सिद्ध झालं. पण बसवलेल्या तुकड्यात चेतापेशी होत्या तशा ग्लियाही होत्या. श्रेय मात्र चेतापेशींनाच गेलं.

आता येऊ केंब्रिजला, मायकेल हेस्टिंग्ज यांच्या प्रयोगशाळेत, मार्को ब्रांकाचिओ यांच्या 2019 सालच्या प्रयोगाकडे. हा प्रयोग पुन्हा पुन्हा सांगावा असा आहे.

त्यांच्याकडचे उंदीर असे होते की ज्यांच्यात क्राय-वन आणि क्राय-टू ही दोन्ही जनुकं नव्हती. म्हणजे टाकीतला फुगाच काढून टाकलेला. दिवसा दिवा आणि रात्री अंधार असं ठेवलं तर हा उंदीरही शहाण्यासारखा रात्रीच पळतो. उजेडात तो नुसता दबून बसतो, पण बघणाऱ्याला वाटतं घड्याळ चालू आहे. म्हणून खरी परीक्षा अखंड अंधारात घ्यायची. पिंजऱ्यात एक पळायचं चाक आणि चाकाची प्रत्येक फेरी संगणकात नोंदलेली. एका दिवसाची एक ओळ, तिच्याखाली दुसऱ्या दिवसाची, तिच्याखाली तिसऱ्या. उंदीर पळाला तिथे काळी रेघ. निरोगी उंदराचा स्वतःचा दिवस 24 तासांपेक्षा थोडा लहान असतो, म्हणून पळण्याची सुरुवात रोज काही मिनिटं आधी सरकते. कागदावर काळ्या पट्ट्यांची एक सरळ तिरकी उतरंड दिसते. क्राय नसलेल्या उंदराच्या कागदावर उतरंड नाही. नुसते ठिपके, मोहरी सांडल्यासारखे.

इथे एक विषयांतर करतो. उंदीर रात्री जागा असतो आणि संशोधक दिवसा. जगभर उंदरांवरचे कितीतरी प्रयोग त्यांच्या झोपेच्या वेळी होतात. मला हे पटत नाही. पेशींची वेळ विचारात न घेता काढलेला आकडा अर्धाच आकडा असतो.

तर प्रयोग. ब्रांकाचिओंनी हरवलेलं क्राय-वन परत दिलं, पण फक्त एका जातीच्या ग्लियांना. ताऱ्यासारख्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे तारकापेशी. वाहन म्हणून निरुपद्रवी विषाणू. त्यात क्राय-वन जनुक उलटं भरलेलं, म्हणजे वाचताच येणार नाही असं. ते सुलट करणारं प्रथिन आहे क्रे, आणि क्रे तयार व्हायची किल्ली अशी निवडली की ती तारकापेशींमध्येच फिरावी. उंदराला भूल देऊन, डोकं चौकटीत घट्ट बसवून, अगदी बारीक सुईने दोन्ही बाजूंच्या एससीएनमध्ये हे सोडायचं. इथे हात चुकला तर सगळं गेलं. एससीएन मिलिमीटरपेक्षाही लहान आणि मेंदूच्या पार तळाशी. सुई जरा बाजूला गेली की औषध शेजारी सांडतं. म्हणून शेवटी प्रत्येक मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघावेच लागतात. सुई जागेवर होती का? जनुक तारकापेशींतच उघडलं, की चेतापेशींतही गळलं? गळलं असेल तर तो निकाल कितीही सुंदर असला तरी कामाचा नाही. आणि अंधाराच्या खोलीत दाराच्या फटीतून उजेड शिरला, किंवा पिंजरा रोज ठरावीक वेळेला साफ केला, तर उंदीर त्याच खुणेवर वेळ लावतो आणि तुम्ही फसता.

आणि मग अंधारात, मोहरी सांडलेल्या त्या कागदावर, पट्टे उमटले. एकाखाली एक, रोजच्या रोज. उंदराला दिवस आणि रात्र परत मिळाली. चेतापेशींतलं घड्याळ अजून मोडलेलंच होतं बरं का. त्यांना क्राय दिलेलंच नव्हतं. तरीही तारकापेशींनी त्यांना ताल लावला आणि अख्ख्या प्राण्याला चालवलं. पुन्हा सांगतो, क्राय मिळालं फक्त तारकापेशींना, आणि पळू लागला अख्खा उंदीर. प्रयोगशाळेत ठेवलेल्या एससीएनच्या कापांतही हेच दिसलं. चेतापेशींना जनुक दिलं की ताल लवकर धरतो. तारकापेशींना दिलं तर वेळ जास्त लागतो, पण धरतो.

कसं जमतं हे? याच गटाने 2017 साली दाखवलं होतं, की एससीएनच्या चेतापेशी दिवसा कामात असतात आणि तारकापेशी रात्री. लक्षात ठेवायची गोष्ट हीच: दिवसा चेतापेशी, रात्री तारकापेशी. रात्री तारकापेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे चेतापेशींच्या टोकांतून गाबा हे शांत करणारं रसायन वाढतं आणि चेतापेशी गप्प होतात. 2023 साली दुसरी बाजू कळली. दिवसा तारकापेशी आसपासचा गाबा शोषून घेतात, म्हणून चेतापेशींना ठोके देता येतात. रात्री झाकण लावायचं, सकाळी काढायचं. 2017 मध्येच अमेरिकेत सेंट लुईसला एरिक हर्झोग यांच्या गटाने उंदरांच्या तारकापेशींतलं बीमल-वन काढून टाकलं, तर उंदरांचा दिवस सुमारे 1 तासाने लांबला.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी एवढंच: एससीएनपर्यंत बाहेरचा निरोप पोहोचतो तो मुख्यतः डोळ्यांतल्या उजेडाने. पाळीच्या पहिल्या भागात भरपूर उजेड घ्या, शेवटच्या दोन तासांत कमी करा, सकाळी घरी येताना गडद चष्मा लावा, आणि झोपायच्या खोलीचा पडदा असा जाड लावा की दुपारी बारालाही आपला हात दिसू नये. सुट्टीच्या दिवशी एकदम पूर्ण उलटं वेळापत्रक करू नका. हे घड्याळ दिवसाला साधारण एकच तास सरकतं.