माउन ते कसाने : चारशे किलोमीटर, नऊ रात्री

मंडळी, मी सराईत ड्रायव्हर नाही. ३१ वर्षं बँकेत काढली आणि गाडी हाकली ती पुणे-कोल्हापूर रस्त्यावर. तरी मी आणि माझी बायको, दोघंच, आफ्रिकेतल्या बोत्स्वानात माउन ते कसाने या दोन गावांमध्ये फोर बाय फोर घेऊन फिरलो, गाडीच्या टपावरच्या तंबूत झोपलो आणि धडधाकट परत आलो. आल्यापासून लोक दोनच गोष्टी विचारतात : किती खर्च आला आणि सिंह दिसले का. दोन्हींची उत्तरं चहाच्या वेळी देतो. आज बोलायचंय ते निघण्याआधीच्या दहा महिन्यांबद्दल, कारण ही सफर मुख्यतः जेवणाच्या टेबलावर कागद-पेन्सिल घेऊन घडते.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ताडोबा पाहिलंय. तिथे जिप्सी ठरलेली, गाइड शेजारी, वेळ संपली की गेटबाहेर. मोरेमी आणि चोबे या अभयारण्यांत चालक तुम्ही, गाइड तुम्ही आणि रखवालदारही तुम्हीच. कॅम्पला कुंपण नसतं. म्हणजे अगदी नसतंच. एखाद्या झाडाखाली नंबराची पाटी, चूल पेटवायला जागा, थोड्या अंतरावर न्हाणीघर, बस्स. बोत्स्वानात एक लाखावर हत्ती आहेत आणि त्यांच्या वाटा त्या पाटीशेजारूनच जातात.

म्हणून पहिलं काम कॅम्पचं आरक्षण. लोक आधी विमानाचं तिकीट काढतात आणि मग जागा शोधत बसतात. उलटं करा. एकेका कॅम्पमध्ये जागा मोजक्या, ते चालवणारे वेगवेगळे, पार्कचं प्रवेशशुल्क आणखी वेगळं. जुलै-ऑगस्टच्या रात्री आदल्या वर्षीच भरून जातात. आम्हाला सावुटीची तारीख मिळाली, तिच्यावर आगेमागे बाकीच्या रात्री बसवल्या आणि सगळ्यात शेवटी शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचं तिकीट काढलं. थर्ड ब्रिजला तीन रात्री, ख्वाईला दोन, सावुटीला दोन आणि चोबे नदीकाठी इहाहाला दोन. अशा नऊ.

पहिल्या कच्च्या आराखड्यात मी हे सगळं चार रात्रींत उरकलं होतं. नकाशावर माउन ते कसाने जेमतेम चारशे किलोमीटर. माझ्या डोक्यात पुणे-कोल्हापूरचा हिशोब : चारशे म्हणजे सात तास. इथेच घोडं पेंड खातं. तिकडचे लोक ‘ट्रॅक्स फॉर आफ्रिका’ नावाचा नकाशा वापरतात. त्यात अंतराबरोबर वेळही दिलेला असतो, आणि तो पाहून मला घाम फुटला. पार्कात वेगमर्यादा ताशी ४०, पण वाळूत तुम्ही २० ने गेलात तरी नशीब. जून-जुलैत तिकडे हिवाळा, दिवस जेमतेम ११ तासांचा आणि अंधार पडल्यावर पार्कात गाडी हलवायची नाही. तेव्हा वहीतून किलोमीटरचा रकाना खोडा आणि तासांचा घाला. एका दिवसात पाच तासांपेक्षा जास्त चाल धरू नका. उरलेला वेळ हत्ती रस्ता देईपर्यंत थांबण्यात जातो, आणि घाई त्याला नसते.

आता ऋतूचा घोळ. कोरडा ऋतू साधारण मे ते ऑक्टोबर. आपल्याला वाटतं पाऊस नाही, म्हणजे पाणी नाही. पण तिथली ओकावांगो ही समुद्राला न मिळणारी नदी आहे. अंगोलाच्या डोंगराळ भागात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस इतक्या सपाट जमिनीवरून सरकत येतो की तो खोऱ्यात पसरेपर्यंत जून-जुलै उजाडतो. निळ्या स्वच्छ आकाशाखाली पूर! पावसाळ्यात गेलात तर मोपाने झाडांच्या रानातली काळी चिकणमाती धरून ठेवते, हिवाळ्यात गेलात तर वाटेत ओढे भरलेले. (तिथल्या चलनाचं नाव पुला. तिथल्या त्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. आमच्या मराठवाड्यातल्या पाहुण्यांना हे भारी आवडलं.) पुस्तकात लिहिलेलं असतं की पाण्यात गाडी घालण्याआधी चालत जाऊन खोली पाहा. ख्वाईच्या पाण्यात मगरी आणि पाणघोडे असतात. तेव्हा चालायचं नाही. थांबायचं, समोरून येणाऱ्याला विचारायचं, पलीकडच्या काठावर ताजे टायर उमटलेत का ते पाहायचं आणि शंका आली तर माघारी फिरून दुसरी वाट धरायची. मी दोनदा फिरलो.

डिझेलचा हिशोब सोपा आहे, पण आधी करायचा. माउन सोडलं की कसानेपर्यंत पंप नाही असं धरून चाला. चारशे किलोमीटर वाटेचे, साडेतीनशे सकाळ-संध्याकाळच्या भटकंतीचे. वाळूत लिटरला पाचच्या वर धरू नका, म्हणजे १५० लिटर. आमच्या गाडीच्या दोन टाक्या मिळून १४० ची सोय होती, टपावर वीस-वीसचे दोन डबे. पाणी माणशी रोज पाच लिटर, फक्त पिण्या-रांधण्याचं. अंघोळीला कॅम्पात मिळतं. सावुटीचं न्हाणीघर तर एखाद्या गढीसारखं आहे, भोवती जाडजूड भिंत. पाण्याच्या वासाने हत्ती नळ उखडायचे, म्हणून.

मोबाइलला या पट्ट्यात रेंज जवळजवळ नाही, तेव्हा सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या. परवान्याचं म्हणाल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि गाडी सीमेपलीकडे नेण्याचं मालकाचं पत्र हाताशी ठेवा. आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवायचं असतं, तेवढी एक सोय.

गाडी ताब्यात घेताना मात्र माझ्याकडून चूक झाली, ती सविस्तर सांगतो. भाड्याने देणाऱ्या माणसाने यादी वाचली : दोन स्टेपन्या, उंच जॅक, फावडं, टोचनाची दोरी, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर. मी प्रत्येक वस्तूवर टिकमार्क केली. बँकेची सवय, कागद जुळला की झालं! कॉम्प्रेसर पेटीत होता. तो चालतो का, हे मी पाहिलं नाही.

वाळूत गाडी चालवायचं सगळं गणित टायरमधल्या हवेचं आहे. डांबरावर ३२-३४. वाळू लागली की उतरायचं आणि चारही चाकांची हवा २० वर आणायची. टायर पसरतो, उंटाच्या पावलासारखा, आणि गाडी वाळूवर तरंगते. स्टिअरिंगच्या आत अंगठे अडकवायचे नाहीत, कारण चाकोरीत चाक वळलं की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा मुरगळतो. आणि शक्यतो सकाळी लवकर निघायचं. पहाटेची थंड वाळू घट्ट असते, दुपारी तीच रव्यासारखी सुटी होते.

सावुटीहून आम्ही निघालो सव्वाअकराला. एक मादी बिबट्या उंबराच्या झाडावर होती, तिच्यापायी. हवाही मी २५ वरच ठेवली होती, पुन्हा भरायचा कंटाळा. तासाभरात एका चढावर गाडी बसली. मी आणखी रेस दिली आणि ती पोटापर्यंत रुतली. तेच करायचं नसतं. चाक जागच्या जागी फिरू लागलं की पाय काढायचा. मग मी खाली उतरून चाकांपुढची वाळू उपसली, बायको टपावर उभी राहून चारी दिशा न्याहाळत होती. तिला दीडशे पावलांवर एक हत्ती कान हलवत उभा दिसला. ती मला दर दोन मिनिटांनी सांगायची, “आहे तिथेच आहे.” हवा १५ वर आणली, आलो त्याच चाकोरीतून इंचाइंचाने मागे घेतली आणि दीड तासाने गाडी सुटली.

काचिकाउ गावाला डांबर सुरू होतं. इतक्या कमी हवेवर डांबरावर पळवलं तर टायर तापून फुटतो. कॉम्प्रेसर काढला, चिमटे बॅटरीला लावले, इंजिन चालू ठेवलं. घर्र झालं आणि थांबलं. पुन्हा घर्रसुद्धा नाही.

खाण्याबद्दल कोणी चिठ्ठी पाठवली आहे, तेवढं सांगतो. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात डाळ, तांदूळ, पीठ, मसाले सगळं मिळतं. लाळ्या-खुरकूतमुळे बोत्स्वानात जागोजागी जनावरांची तपासणी नाकी आहेत, तिथे कच्चं मांस काढून घेतात आणि बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. आम्ही मेतकूट-भातवाले, सुटलो. संत्री मात्र नेऊ नका, हत्तीला त्याचा वास लांबून येतो म्हणतात. चपला रात्री शिडीखाली ठेवू नका, तरस पळवतं. आणि गुडघे दुखणाऱ्यांनी तंबूत झाकणाची बादली न्यावी. रात्री शिडी उतरायची नाही. यावर हसू नका, ही सगळ्यात कामाची सूचना आहे.

तर काचिकाउ. आम्ही रस्त्याकडेला तासभर बसून होतो. मग एक जुनी लँड क्रूझर थांबली, आत सत्तरीचं जोडपं. आजोबांनी काही न विचारता आपला पंप काढला आणि माझ्या चारही चाकांत हवा भरली. तोवर आजींनी बायकोला विचारलं, सावुटीहून किती वाजता निघालात? बायको माझ्याकडे पाहायला लागली. मी टायर मोजत होतो.