कुर्डुवाडीची छोटी गाडी

श्रोतेहो, नमस्कार. सोलापूरहून मुंबईकडे निघालात की कुर्डुवाडी लागते. आज तिथं एकाच मापाचे रूळ दिसतात, पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना शेजारी उभी असणारी छोटी गाडी आठवत असेल. लोक तिला बार्शी लाईटच म्हणायचे.

१८६० साली जी.आय.पी. या रेल्वे कंपनीची मोठी लाईन सोलापूरला पोचली, ती बार्शीला बाजूला टाकून. कापसाची, गळिताच्या धान्याची एवढी मोठी पेठ. पण माल बैलगाडीनं पस्तीसेक किलोमीटरवरच्या कुर्डुवाडीला आणायचा. त्या स्टेशनाचं तेव्हाचं नाव मात्र बार्शी रोड! बार्शीकरांच्या जखमेवर मीठच ते.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं तोड काढली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली, लाईन सुरू झाली. इंजिन असो की वाघीण, म्हणजे मालाचा डबा, चाकांच्या जोडीच्या एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा हिशोब. भार सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि मालही भरपूर जातो. पुढे हाच गृहस्थ वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला, पण तो विषय वेगळा.

१९०६ मध्ये लाईन पंढरपूरला गेली. मग आषाढी-कार्तिकीला डब्यात मुंगीला शिरायला जागा नसायची. १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज.

ही गाडी हळू चालायची म्हणून मागे पडली, असं सगळे म्हणतात. मला खरं दुखणं कुर्डुवाडीच्या फलाटावर दिसतं. मोठी लाईन साडेपाच फुटी. त्यामुळे पुढं मुंबईला जाणारं प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत. पुन्हा हमाली, पुन्हा खोळंबा, त्यात एखादं पोतं फुटलं की भांडण. दारातून माल उचलणारा ट्रक आल्यावर व्यापारी हे कशाला सोसतील?

या शतकाच्या पहिल्या दशकात छोटे रूळ उखडले गेले आणि साडेपाच फुटी लाईन आली. लातूरचं भर वस्तीतलं स्टेशन सुटलं, नवं गावाबाहेर झालं. धाराशिवला मात्र लॉटरीच लागली. जुन्या लाईननं टाळलेल्या त्या गावापर्यंत नवी लाईन वाकडी वाट करून आली.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, जवळजवळ जुनीच वाट. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणल्या होत्या. रूळ अडीच फुटीच राहिले असते, तर त्यांचं चाक या वाटेनं हललंच नसतं.