नकाशावरचं तळं

विषय दिलाय 'जुने नकाशे आणि गावाचा इतिहास', वेळ दिलीय २० मिनिटं. त्यातली ४ माईकनं खाल्ली. असो.

कोथरूड, वडगाव, धायरीहून किती जण आलेत? बरेच हात आहेत. तुमच्या सोसायटीच्या कागदांवर 'स. नं.', म्हणजे सर्व्हे नंबर, असतो बघा, पुढे तिरकी रेघ आणि हिस्सा नंबर. ते कुणाचं तरी शेत. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात प्रिंगलसाहेबाची जमीनमोजणी फसली, मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापुरातून नव्यानं सुरुवात केली. ३३ फुटांची साखळी. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. एक बैलजोडी जेवढं कसेल, साधारण तेवढा एक सर्व्हे नंबर. आज त्या रानात पार्किंगवरून भांडणं होतात. पूर्वी बांधावरून व्हायची, एवढंच.

आता माझी फजिती सांगतो. पुरंदर तालुक्यातलं गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून मला जेवायला बोलावतात.

त्या गावच्या नकाशाच्या नकलेसाठी मी एका कचेरीत पाच खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब मोजणीवर. दुसरीला अर्जावर स्टँप नाही. तिसरीला स्टँप आहे, झेरॉक्स बंद. चौथ्या खेपेला झेरॉक्स चालू, पण कपाटाची किल्ली रजेवर. किल्ली म्हणजे किल्लीवाले. पाचव्यांदा मिळाली एकदाची, काळपट, घड्यांच्या रेषांसकट. आणि गावठाणाच्या वरच्या अंगाला, दोन नंबरांच्या बांधावर, एक सुबक गोल. तळं! गॅझेटियरात नाही, कुठल्या कागदात नाही, आणि मला सापडलं. रात्रभर झोप नाही.

गावात गेलो, पारावर नकाशा पसरला आणि विचारलं, "इथं तळं होतं ना?" हा 'ना' लक्षात ठेवा. एक आजोबा म्हणाले, "व्हतं की. आमचा आजा म्हशी धुवायचा." दुसऱ्यांनी काठावर चिंच उभी केली. तिसऱ्यांनी त्यात एक बैलगाडी बुडवली. माझी वही भरली. एक आजी तेवढी शेंगा फोडता फोडता बोलली, "तिथं चढ हाय बाबा. पानी थांबंल कसं?" तिचं मी लिहूनच घेतलं नाही. लेख मात्र लिहिला, चार पानी.

वर्षभरानं मूळ नकाशा पाहायला मिळाला, कापडावर चिकटवलेला. गोल तपकिरी होता. चहाच्या कपाचा.

हसा. पण खोटं कुणीच बोललं नव्हतं. मी 'ना' लावून विचारलं, गावानं पाहुण्याचं मन राखलं. म्हशी धुतल्या असतीलही, दुसऱ्या कुठल्या डोहात...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता धावत.

मोजणीचा नकाशा शेतसारा बसवायला काढलेला. ज्याचा सारा येतो ते शेत बांधानिशी ठळक. धनगरांच्या चराईच्या वाटा, मेंढ्यांचे उन्हाळी वाडे त्यात शोधून सापडत नाहीत. तेव्हा कागदावर रिकामं दिसेल तिथं पायी जा. शीव नागमोडी जातेय आणि ओढा शंभर पावलं पलीकडे, तर ओढ्यानं पात्र बदललं असेल. शीव जुन्या पात्रावरच राहिली. एखाद्या नावापुढं 'बेचिराख' दिसलं तर ती उठलेली वस्ती. तिथलं देऊळ गाठा, नैवेद्य कुठल्या गावांहून येतो ते विचारा, माणसं कुठं पांगली त्याचा माग लागतो. मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या वाटा जुन्या नकाशावरच चालता येतात. त्यावर एक अख्खी संध्याकाळ हवी, आज नाही.

आणि नंबर! १९४७ च्या कायद्यानं तुकडेजोड झाली, म्हणजे विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र केले, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता आधी मिळवा, नाहीतर शेजाऱ्याच्या रानाचा इतिहास लिहून बसाल. विचारताना "इथं काय होतं?" एवढंच विचारा, आणि शेंगा फोडणाऱ्या बाईला आधी.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. मागच्या टेबलावर दोन नकाशे पसरलेत, जरूर बघा. चहा बाहेर आहे. कप घेऊन आत येऊ नका.