आवलीचा पिक्चर

संध्याकाळचे साडेसात वाजलेत, बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका गल्लीत भिंतीला पांढरी चादर बांधलीय, भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर पाटावर ठेवलाय आणि पोरं सारखी त्याच्या उजेडात हात घालून सावल्या पाडायलीत. मागं राजहंसगड अंधारात गेलाय. आज लागणार प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम'. १९३६ चा पिक्चर, म्हणजे इथं सतरंजीवर बसलेल्या आज्ज्यांपेक्षाही वयानं मोठा.

दामले आणि फत्तेलाल या दोघांनी केलेला. फत्तेलाल म्हणजे साहेबमामा, आपल्या निपाणीच्या पलीकडचं कागल, तिथले. मुसलमान घरातला माणूस, आणि त्यानं देहूतलं घर, अंगण, देऊळ असं उभं केलं की आज बघतानाही कुठं खोटं वाटत नाही. १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात हा पिक्चर नावाजला गेला हे मला फार उशिरा कळलं, खरं आमच्या घरात तो आधीपासूनच मोठा होता, आषाढी जवळ आली की आज्जीला तो बघायचाच असायचा.

पडद्यावर तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस 'आधी बीज एकले' म्हणायला लागले आणि बघा, भजनातली माणसं, टाळ घरी आहेत तरी मांडीवर ताल धरून बसलीत. हे तुकोबांचं नाहीच, पिक्चरसाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं, खरं इतकं एकजीव झालं की लोक अभंग म्हणूनच गात आले, मीपण तसाच गायचो, आणि खरं काय ते कळल्यावर आठवल्यांना मनातल्या मनात हात जोडले.

लहानपणी मी शेवटच्या विमानासाठी जागा राहायचो. आता मी आवलीला बघतो, तुकोबांच्या बायकोला. गौरी नावाच्या बाईंनी केलंय ते काम आणि काय केलंय! पोर तापानं फणफणलंय, घरात दाणा नाही, नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय, आणि ही बाई तणतणत देवळात शिरते, हातात वहाण घेऊन, ती थेट विठोबावरच उगारते. इतका वेळ कुजबुजणारी गल्ली इथं एकदम गप्प होते.

माझ्या शेजारच्या आज्जींच्या घरात कन्नड बोलतात. पडद्यावरचं सगळंच मराठी त्यांना कळतं असं नाही, खरं वहाण उगारली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. ज्ञानोबांनी तर म्हणूनच ठेवलंय, 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु', मग त्याच्याशी भांडणारी बाई त्यांना परकी कशी वाटेल?

शेवटी विमान येतं, तुकोबा जातात, आवली खालीच राहते. लाईट लागल्या, पोरं चादर सोडायला धावली. आज्जी उठल्या नाहीत. माझा हात धरला आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, "हा गेला गा, आता तिच्या पोरांचं कोण बघणार?"