ढाला आवाज

(पहाट. मासुंदा तलाव. पाण्यापलीकडे गडकरी रंगायतन.)

शाळेत समूहगीताच्या तालमीला बाईंनी मला शेवटच्या रांगेत ढकललं आणि हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." माझा आवाज ढाला. पेटी वर, मी खाली कुठेतरी विहिरीत. पुढे याच गडकरीत संगीत नाटकं पाहिली. नायक म्हणजे वर चढणारा गळा, तार षड्जाला टाळी. खर्जाला टाळी पडलेली मी तरी ऐकली नाही.

मग मला रशियन ऑपेरा गायक फ्योदोर शाल्यापिन सापडला. त्याचा आवाजही खालचाच, बास.

१८७३ चा जन्म, कझानचा. घरी गरिबी, लहानपणी बूट शिवणाऱ्याकडे उमेदवारी. पुढे तिफ्लिसला (आजचं तिबिलिसी) रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकुनी. (आमच्या आळीतले निम्मे बाप रेल्वेतच होते, त्यामुळे हे वाचून बरं वाटलं.) तिथे उसातोव नावाच्या गायकानं त्याला फुकट शिकवलं.

ऑपेरात बास म्हणजे पुरुषाचा सगळ्यात खालचा आवाज. प्रेमगीतं टेनरकडे, म्हणजे वरच्या पुरुषी आवाजाकडे जातात. बासच्या वाट्याला राजे, धर्मगुरू, सैतान, म्हातारे बाप. प्रियकराचं गोड सुरावर भागून जातं. पापानं पोखरलेल्या झारचं कसं भागणार? त्याला अभिनय करावाच लागतो.

१९०८, पॅरिस. संगीतकार मुसोर्गस्कीचा ऑपेरा 'बोरिस गोदुनोव'. रंगीत तालीम, पण रंग नाही: शाल्यापिन मेकअपविना, स्वतःच्या साध्या कपड्यांत. बालराजपुत्राच्या खुनाचं ओझं वाहणाऱ्या झार बोरिसला कोपऱ्यात काहीतरी हलताना दिसतं. शाल्यापिननं तिकडे पाहिलं आणि प्रेक्षकांच्या माना त्या कोपऱ्याकडे वळल्या. काही जण तर उठून उभे राहिले. ही आठवण त्याचीच.

असा माणूस फक्त आपली भूमिका करून गप्प बसत नाही. आपण जीव तोडायचा आणि मागे कोरस प्रार्थनेला उभा केल्यासारखा? १९११ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात त्यानं मुसोर्गस्कीचंच 'खोवान्श्चिना' स्वतः बसवलं, आणि त्यातली दोसिफेईची भूमिकाही स्वतःच गायला. आपल्याला हे नवं नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' उभं केलं, तेव्हा लिहिणं, बसवणं आणि रंगमंचावर उतरणं एकाच माणसाकडे होतं.

१९२२ मध्ये त्यानं रशिया सोडला. १९३८ मध्ये पॅरिसला वारला. अस्थी मॉस्कोला पोचल्या त्या १९८४ मध्ये.

(नौपाडा. जुनं घर, दुपार.)

१९२८ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या त्याच्या 'बोरिस'चं प्रत्यक्ष प्रयोगातच ध्वनिमुद्रण झालं. ते आईला ऐकवलं. आई नाट्यसंगीतावर पोसलेली. स्पीकरमधून धाप, पुटपुट, मध्येच दबलेली किंकाळी.

"अरे, हा गातोय की बोलतोय?"

मला सांगता येईना. तिनं पंखा बंद करायला लावला आणि म्हणाली, "पहिल्यापासून लाव."