सिस्टर, आता तुम्ही कुठे असता?

[पोलादी टाकीचं झाकण उघडतं. पांढरी वाफ काठावरून खाली ओघळते.]

ही वाफ द्रवरूप नायट्रोजनची. टाकीच्या आत, उणे 120 अंश सेल्सिअसच्याही खाली, एक छोटी पिशवी ठेवलेली आहे. तिच्यातलं औषध जगात एकाच माणसासाठी आहे, कारण ते त्याच्याच रक्तातल्या पेशींपासून बनवलंय.

जाड निळे हातमोजे घातलेले हात तंत्रज्ञाचे. शेजारी उभ्या आहेत त्या औषध बनवणाऱ्या कंपनीच्या प्रशिक्षक. पूर्वी त्या रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात तीन पाळ्यांत काम करायच्या. जुने पेशंट भेटले की अजूनही ‘सिस्टर’च म्हणतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सिस्टर, आता तुम्ही कुठे असता? बायोटेकमध्ये, असं सांगितलं की समोरच्याला वाटतं, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत असतील. प्रयोगशाळेत द्रव मोजून उचलायचं पिपेट त्यांनी नोकरीत कधी हातात घेतलेलं नाही.

[यंत्रातून फिरणारं रक्त. नळ्यांचा जवळून शॉट.]

कर्करोगावरच्या या उपचाराला कार-टी म्हणतात. अशा पहिल्या औषधाला अमेरिकेत ऑगस्ट 2017 मध्ये मान्यता मिळाली. पेशंटचं रक्त या यंत्रात येतं, यंत्र पांढऱ्या पेशी बाजूला काढतं आणि उरलेलं रक्त शरीरात परत सोडतं. त्याला काही तास लागतात. पेशी कारखान्यात पोचतात. तिथे निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने टी-पेशींमध्ये, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये, नवं जनुक घालतात, म्हणजे त्या कर्करोगाच्या पेशीला ओळखू लागतात. मग त्यांची संख्या वाढवायची, तपासण्या करायच्या, गोठवायचं आणि परत पाठवायचं. यात काही आठवडे जातात. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की प्रत्येक वेळी ओळख क्रमांक, वेळ आणि सही.

इथपर्यंतचं सगळं प्रयोगशाळेतली मंडळी उत्तम समजावून सांगतात. पिशवी खाटेजवळ आल्यावर काय होतं, ते मात्र त्यांना विचारू नये.

[पाण्याच्या टबात पिशवी हलवणारे हात. तापमान 37 अंश.]

वितळलेल्या पेशी फार वेळ थांबत नाहीत. काही औषधांना अर्ध्या तासाचीच मुदत असते. तेवढ्यात दोघांनी मिळून पेशंटची ओळख पडताळायची, नळी जोडायची. आणि रक्त चढवताना लावतात तो पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर इथे लावायचा नाही, कारण इथे पांढऱ्या पेशी हेच औषध आहे. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ आहे. पण घाईच्या पाळीत हात आपोआप फिल्टरच्या पाकिटाकडे जातो, हे ज्याने रक्त चढवलंय त्यालाच ठाऊक. म्हणून या प्रशिक्षक ती ओळ वाचून दाखवत नाहीत. सरावाच्या ट्रेमध्ये फिल्टरचं पाकीट मुद्दाम ठेवतात आणि बघत राहतात.

कॅमेऱ्यात न येणारी एक गोष्ट सांगायला हवी. पिशवी चढवल्यावर पेशंटच्या श्वासाला लसणासारखा वास येऊ शकतो. पेशी गोठवताना वापरलेलं डीएमएसओ श्वासावाटे बाहेर पडतं, त्याचा तो वास. नातेवाइकांना आधी सांगून ठेवलं तर ते घाबरत नाहीत. हेही प्रशिक्षणात येतं, कारण शिकवणाऱ्या बाईंनी घाबरलेले नातेवाईक पाहिलेत.

[टेबलावर दोन कागद, प्रशिक्षणासाठी तयार केलेले. एकच वाक्य, दोन दिवसांचं हस्ताक्षर.]

पुढच्या दिवसांत दोन धोके सांभाळायचे. एक, शरीरभर उसळणारा दाह, ज्याची सुरुवात बहुधा तापाने होते. दुसरा, मेंदूवर होणारा परिणाम. त्यासाठी दहा गुणांची छोटी चाचणी असते. वर्ष, महिना, शहर आणि हॉस्पिटल सांगा. तीन वस्तूंची नावं सांगा. एक सूचना पाळा. शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटे आकडे म्हणा. एक वाक्य लिहा.

वाक्याला एकच गुण आहे. पण मुरलेली नर्स गुण मांडण्याआधी कालचं पान काढून आजच्या पानाशेजारी ठेवते.

[दोन्ही पानं पडद्यावर. निवेदन नाही.]

औषधाचे दुष्परिणाम प्रथम कुणाला दिसतात, याचा इतिहास आहे. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळं व्यंग घेऊन जन्मत असावीत, असा इशारा देणारं सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचं पत्र 1961 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांच्या रुग्णालयात पहिला संशय आला होता तो सिस्टर पॅट स्पॅरो यांना, असं पुढे नोंदलं गेलं. पत्राखाली सही एकट्या डॉक्टरांची. त्या हाहाकारानंतर औषधांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा देशोदेशी उभ्या राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम 1968 चा. आज प्रत्येक मोठ्या औषध कंपनीत औषधसुरक्षा विभाग असतो, आणि तिथे नर्स असतात. असायलाच हव्यात.

[दोन पडदे, कीबोर्ड, कानाला हेडफोन.]

या दुसऱ्या सिस्टर अतिदक्षता विभागातून औषधसुरक्षेत आल्या. चाचणीतल्या औषधाचा अनपेक्षित परिणाम प्राणघातक किंवा जीवघेणा असेल, तर नियामकांना 7 दिवसांत कळवावं लागतं. इतर गंभीर आणि अनपेक्षित परिणामांसाठी 15 दिवस. आलेल्या अहवालात कधी नुसतं ‘अंगावर पुरळ’ एवढंच असतं. डोस किती वाजता दिला, पुरळ किती वाजता दिसलं, त्याच दिवशी एखादं अँटिबायोटिक सुरू झालं होतं का, औषध थांबवल्यावर पुरळ ओसरलं का? हे फोनवर विचारायचं. पलीकडे बहुधा ड्युटीवरची नर्स असते आणि तिला बोलायला सवड नसते. पाळी बदलायच्या वेळेला फोन करायचा नाही, हे या सिस्टरना कुणी शिकवावं लागलं नाही.

[रुग्णालयाचा कॉरिडॉर. फायलींचं कपाट.]

वॉर्डातून कंपनीत थेट उडी फार थोड्यांना जमते. जाहिराती उद्योगातला अनुभव मागतात आणि उद्योगात गेल्याशिवाय तो मिळत नाही. म्हणून अनेक जणी आधी आपल्याच रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलच्या समन्वयक होतात: संमतीपत्रं, पेशंटच्या भेटींचं वेळापत्रक, रक्ताचे नमुने, नोंदी. सोबत जीसीपीचा कोर्स, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या कशा करायच्या याची 1996 पासूनची आंतरराष्ट्रीय नियमावली. तिथून कुणी चाचणी-केंद्रं तपासणारी मॉनिटर होते, कुणी औषधसुरक्षेत जाते, कुणी प्रशिक्षणात.

नोंदींचे नियम नर्सला नवे नसतातच. चुकलं तर एकच रेघ, सही, तारीख, आणि खोडलेलं वाचता आलं पाहिजे. बायोडेटा मात्र नव्याने लिहावा लागतो. ‘पेशंटची देखभाल केली’ एवढ्यावरून भरती करणाऱ्याला काही कळत नाही. कोणती केमोथेरपी दिली, कोणते पंप हाताळले, किती नव्या नर्स हाताखाली तयार केल्या, ट्रायलचे पेशंट सांभाळले का, हे लिहिलं की कळतं.

रात्रपाळ्या सुटतात, पगार बहुधा वाढतो, प्रवासही वाढतो. वॉर्डातलं एक अनुभवी माणूस कमी होतं.

[सभागृह. भिंतीवरच्या घड्याळात दीड. गणवेशातल्या नर्स खुर्च्या ओढून बसतात.]

हे घड्याळ बंद नाही, रात्रीचा दीडच वाजलाय. अशी प्रशिक्षणं सहसा दिवसा होतात, कारण शिकवणाऱ्यांना ती वेळ सोयीची. पेशंटला ताप मात्र रात्रीही चढतो. हे सत्र रात्रपाळीसाठी ठेवायचं, हा हट्ट आपल्या प्रशिक्षकांचा.

मागच्या रांगेतली एक मुलगी विचारते, “मॅडम, पिशवी वितळून तयार आहे आणि नेमका तेव्हाच पेशंटला ताप निघाला, तर?”

“ती वेळ येऊ द्यायची नाही. ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, सगळं वितळवण्याआधी बघायचं. नस नीट चालू आहे ना, तेही आधी. संसर्गाचा संशय आला तर डॉक्टर ठरवेपर्यंत पिशवी टाकीतच.”

मुलगी लिहून घेते आणि पुन्हा हात वर करते. “पण टाकीच्या खोलीची किल्ली रात्री कुणाकडे असते?”

उपस्थितांपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांनी पहिलं काम केलं ते पेशी साठवणाऱ्या विभागाच्या प्रमुखांना गाठण्याचं.